सातवी मोकळी सोड रे

त्याला छप्पन्नावं लागलं होतं, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले होते, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. याला कारण थोरला. दोघे भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचे, एकाच कंपनीत, एकाच जोडीने, एकतीस वर्षं. कुठून फोन आला की कचेरीतली बाई विचारायची, "थोरल्या-धाकट्याला पाठवू का?" पुढे पुढे तर कामाच्या फळ्यावरही तेच लागायला लागलं. आता थोरला जाऊन चौदा महिने झाले होते आणि धाकट्याला धाकटं ठरवायला वर कोणी मोठं उरलं नव्हतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. माणूस गेला म्हणून ते निघतंय थोडंच!

लिफ्टबद्दल लोकांना माहीत असतं ते एवढंच, की बटण दाबलं आणि दार उघडलं. उघडलं नाही की शिव्या द्यायला ते मोकळे. पण इमारतीच्या डोक्यावर एक कोंदट खोली असते. तिच्यात मोटर, एक भलंमोठं चाक आणि चाकावरून खाली गेलेले पाच-सहा पोलादी दोर. दोरांच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला तिला तोलणारं लोखंडी वजन. एक खाली आलं की दुसरं वर जातं. आणि सगळ्यात खाली, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा. काही कामांत एकाने वर ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून बसायचं असतं आणि दुसऱ्याने त्या खड्ड्यात उतरायचं असतं. वीज बंद असताना वरच्याने दांडा दाबला की ब्रेक सुटतो आणि वजन आपल्या भाराने खाली यायला लागतं. तेव्हा खड्ड्यात माणूस असून चालत नाही. त्याने आधी बाहेर यायचं, तळमजल्याच्या दारात उभं राहायचं आणि मगच वर तोंड करून हाक मारायची. त्या उभ्या बोळात मोबाइल लागत नाही. कंपनीने वॉकीटॉकी दिले होते, ते भावांनी खोक्यातून कधी बाहेर काढले नाहीत.

भावांची हाक ठरलेली होती. "सोड रे." त्यातला 'सोड' भिंतींवर आपटून फुटून जायचा, पण 'रे' लांबवला की सात मजले चढून सरळ वर यायचा. खाली बहुतेक वेळा थोरलाच असायचा. मोठ्या भावाने वर बसून हुकूम सोडावेत, तर ते नाही. "तू वर बस, तुझ्या गुडघ्यांना त्रास नको," म्हणायचा. धाकट्याचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

दोरांचा ताण सारखा आहे की नाही हे थोरला अंगठ्याने छेडून सांगायचा. "तिसरा रडतोय," म्हणायचा, आणि यंत्र लावून पाहिलं की तिसराच सैल निघायचा. त्या नादातूनच ती गिटार झाली. मोडीत निघालेल्या एका जुन्या लिफ्टच्या केबिनची सागवानी फळी त्याने घरी आणली आणि दोन वर्षं रंधा मारमारून मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार बनवली. हिची तार बोटाने दाबत नाहीत. डाव्या हातात पोलादाची कांडी धरायची, ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने छेडायचं. त्यामुळे सूर पायऱ्या चढत नाही, लिफ्टसारखा सरकत जातो. अशा गिटारीला बहुधा सहा तारा असतात. थोरल्याने सात लावल्या. का, असं विचारलं तर म्हणाला, "पाच दोर पेलत असताना आपण सहावा का लावतो?" हे काही उत्तर नव्हे. पण थोरल्याला उलटून विचारायची पद्धत घरात नव्हती.

थोरल्याला एकच मुलगी. बुटकी म्हणून तो तिला खुंटी म्हणायचा. बापाच्या मागे तिने लिफ्टचंच शिक्षण पुरं केलं आणि आठ महिन्यांपूर्वी बापाच्या जागेवर, म्हणजे खड्ड्यात, काकाबरोबर कामाला लागली. पोरगी कामाला वाघ होती आणि बोलायला त्याहून. वहिनीने मात्र पहिल्या दिवशी दारात धाकट्याला थांबवून सांगितलं होतं, "भाऊजी, ही एकच आहे हो मला." धाकट्याने मान हलवली. असल्या बोलण्याला मान हलवण्यापलीकडे काय करणार?

गिटारही वहिनीनेच दिली. थोरल्याला जाऊन वर्ष झालं त्याच आठवड्यात ती पेटीसकट घेऊन आली आणि "मला ही घरात नको," एवढंच म्हणाली. बिचारीला आठवण सोसत नसेल, असं धाकट्याला वाटलं. पेटीतल्या गिटारीच्या सातही तारा उतरवलेल्या होत्या.

आता सहा तारांचं काही अवघड नव्हतं. त्या कशा लावायच्या हे त्याला भावाकडूनच पाठ होतं: सा ग प ध सा ग. अडलं सातवीपाशी. ती थोरल्याने त्याच्यासमोर कधी छेडली नव्हती. सातवी सगळ्यांत जाड, वाजवणाऱ्याच्या पोटाशी येणारी. तिला कुठला सूर द्यायचा? पहिल्या रविवारी त्याने तिला खालचा पंचम दिला. वाईट नव्हतं, पण कांडी कुठेही नेली तरी मागे कोणी कपाट ओढतंय असं वाटे. दुसऱ्या रविवारी धैवत दिला, तर लहान मुलांची गाणीसुद्धा सुतकी झाली. तिसऱ्या रविवारी निषाद लावला, तेव्हा बायको भाजीची सुरी हातात घेऊनच बाहेर आली.

"अहो, गिटार आहे की दाढदुखी?"

"सूर शोधतोय."

"सहा सापडलेत ना? मग सुखाने सहा वाजवा की."

पण थोरल्याने एखादी गोष्ट उगाच केली असेल हे धाकट्याला पटणं शक्य नव्हतं. चौथ्या रविवारी तो पेटीच झटकत बसला, आणि झाकणाच्या फाटक्या अस्तरातून कागदाची एक पट्टी निघाली. अक्षर थोरल्याचं, शेवटच्या आजारपणातलं, थरथरतं.

पहिली ग
दुसरी सा
तिसरी ध
चौथी प
पाचवी ग
सहावी सा
सातवी मोकळी सोड रे

धाकट्याने कपाळावर हात मारला. अर्थात! सा, ग, प, ध. आता उरला होता तो रे. त्याने भूपाचं पाच सुरांचं घर पुरं होत होतं. आणि मोकळी सोड म्हणजे तिच्यावर कांडी टेकवायची नाही, ती आपली खाली मोकळी घुमू द्यायची. त्याने तारेची खुंटी पिळली, तार चढत चढत रे वर आली आणि जागच्या जागी बसली. कानाला इतकं बरं वाटलं की त्याने ती एकटीच चारपाच वेळा छेडली. ती वाजली की आवाज फळीतून येतोय असं वाटत नसे. कुठून तरी खालून, लांबून आल्यासारखा वाटे.

मंगळवारी सकाळी तो दाढी करत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "...रे." "आलो," म्हणत गालावरचा साबण तसाच घेऊन तो बाहेर गेला. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर गिटार होती. बायको स्वयंपाकघरात गॅसपाशी उभी.

"काय गं, हाक मारलीस?"

"मी कशाला मारू? चहा तर तुम्ही घेतलात."

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी दोनदा. लिफ्टवाल्याने भुताखेतांवर विश्वास ठेवून भागत नाही, रिकाम्या इमारतींत काम करायचं असतं. त्याने मेकॅनिकसारखाच माग काढला. जवळपास एखादा आवाज त्याच सुरात झाला तर तार आपोआप थरथरते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फ्रिज बंद करून पाहिला, पाण्याचा पंप बंद असतानाची वेळ गाठली, खिडक्या लावून घेतल्या. शनिवारी बायको बहिणीकडे गेली होती. त्याने कागदाचे सात इवलेसे कपटे मधोमध दुमडले, एकेका तारेवर एकेक ठेवला आणि हाताची घडी घालून समोर बसला.

दुपारी चारच्या सुमाराला सातवीवरचा कपटा हलला. आधी नुसता थरथरला, मग उडून जमिनीवर पडला. बाकीचे सहा होते तिथेच. आणि मग आवाज आला. हे त्याने नीट पाहिलं होतं. आधी कपटा पडला, हाक मागून आली. कोणीतरी अंगठ्याने छेडावं तशी.

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे तार उतरवली असती. धाकट्याने उतरवली नाही. कारण, आता लपवण्यात काही अर्थ नाही, त्याला बरं वाटत होतं. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा घरी जायची त्याला ओढ लागली. कामावरून आला की चहाचा कप घेऊन तो गिटारीसमोर बसायचा आणि वाट बघायचा. वाजवायचा नाही. "वाजवा तरी," बायको म्हणायची, "नुसतं काय बघत बसता?" तो म्हणायचा, "बघत नाहीये."

दोन महिने असे गेले. मग तो आवाज घराबाहेर आला. एकदा एका इमारतीत चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून तो आत डोकावला, तर खालच्या अंधारातून आला. एकदा वरच्या खोलीत मोटरला तेल देताना आला. खुंटी त्या वेळी बाहेर जेवणाचे डबे आणायला गेली होती. धाकट्याने स्वतःची समजूत घातली: रोज ऐकतोय, कानात बसलाय, दुसरं काय!

त्या दिवशी सात मजली कचेरीच्या इमारतीत काम होतं. वजन चुकून फार खाली आलं तर त्याला झेलायला खड्ड्यात एक जाडजूड स्प्रिंग असते, ती बदलायची होती. सकाळचे अकरा वाजले होते. वीज बंद केली, केबिन सहाव्या मजल्यावर उभी, वजन पहिल्या मजल्याशी टांगलेलं. खुंटी खड्ड्यात उतरली. नवी स्प्रिंग बसवून ती बाहेर येणार, हाक मारणार, मग धाकट्याने दांडा दाबून वजन हळूहळू खाली घेऊन स्प्रिंगवर टेकवून पाहायचं. एकतीस वर्षं केलेलं काम. तो दांड्यावर हात ठेवून बसला. चाकाजवळच्या फटीतून थंड वारा येत होता. खालून पान्याची टकटक ऐकू येत होती. मग टकटक थांबली.

"सोड रे."

स्पष्ट. 'सोड' फुटलेला, 'रे' लांबवलेला. हाताने मालकाला विचारलंच नाही. दांडा खाली गेला, चाक फिरलं, दोर सरसरले.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पोरगी "सोडा काका" म्हणते. पहिल्या दिवसापासून. बायको अहो म्हणते. वहिनी भाऊजी म्हणते. कचेरीत साहेब, पहारेकरी लिफ्टवाले, बायकोच्या माहेरी जावईबापू. आई गेली, वडील गेले, थोरला गेला. अख्ख्या जगात त्याला रे म्हणणारं जिवंत माणूस एकही उरलेलं नव्हतं.

त्याने दांडा सोडला. ब्रेक खाडकन बसला.

"काका!" खालून किंचाळी आली. "काका, काय करताय? मी खालीच आहे!"

वजन तिच्या डोक्यापासून हातभर वर थांबलं होतं. हे तिने नंतर सांगितलं. धाकटा तेव्हा वरच्या खोलीत जमिनीवर बसला होता. खुंटी जिन्याने सात मजले चढून वर आली. तिने त्याच्या हाताला धरून त्याला उठवलं, पाणी दिलं आणि मगच, पाणी पिऊन झाल्यावर, तोंडाला येईल ते बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तो गिटारीची पेटी घेऊन वहिनीकडे गेला. कपट्यापासून दांड्यापर्यंत काहीही न वगळता त्याने दोघी मायलेकींना सांगितलं.

"ह्यांचंही असंच चाललं होतं," वहिनी म्हणाली. "ती तार लावली तेव्हापासून. मध्येच उठून दारापाशी जायचे. कोण आलंय विचारलं तर म्हणायचे, आई हाक मारतेय. एकदा तर वाहत्या रस्त्यावर निघाले होते, मी मागून शर्ट धरून ओढलं. मग स्वतःच ती तार सैल केली त्यांनी. मला वाटलं, तुम्हाला सांगून ठेवलं असेल."

"त्याने तर रे वर लावायला लिहून ठेवलं होतं, वहिनी."

खुंटीने तोवर पेटी उघडली होती. पट्टी झाकणातच खोचलेली होती. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने ती आपली चिठ्ठी वाचावी तशी वाचली. सहा ओळी अडखळत, आणि सातवी भरभर, अगदी बापाच्या चालीवर. "सातवी मोकळी सोड रे."

धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो सूर नव्हताच. थोरल्याने बजावलं होतं. तार सैल सोड, बाबा रे, ताणू नकोस. मरायला टेकलेला माणूस धाकट्या भावाला हाक मारून सांगत होता आणि हा शहाणा त्या हाकेला सूर समजून तार पिळत बसला होता! त्याने तोंडावर हात धरले. रडायला आलं ते आलंच.

"काका," खुंटीने जरा वेळाने विचारलं, "म्हणजे रे हा सूर असतो?"

"हो."

"तो लावला म्हणून त्यांनी तुम्हाला रे म्हटलं?"

"काय माहीत बाळा."

ती पट्टीवर बोट ठेवून होती. पहिल्या ओळीवर. "मग ग पण सूरच आहे ना? हा बघा, पहिली ग." तिचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा मला गं म्हणायचे. ये गं. जेवलीस का गं. काका, सातवी ग वर लावा."

"नाही."

"एकदाच."

"नाही म्हटलं ना."

"एकदाच लावा आणि उतरवा. मी काय लगेच खड्ड्यात जाणार आहे?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं, तिने तरी पोरीला गप्प करावं म्हणून. वहिनी तारेकडे बघत होती. तिलाही थोरला जन्मभर अगं म्हणूनच हाक मारत आला होता. गिटार घरात नको म्हणणारी हीच ती बाई, आणि आता कान देऊन उभी होती.

लावता आली असती. सूर म्हणून तो चोख बसला असता. फार तर तारेच्या खुंटीला दीड-दोन पीळ. धाकट्याचा हात त्या खुंटीकडे गेलाही. मग त्याला ते हातभर अंतर आठवलं. आज एकदा, उद्या एकदा. तो स्वतः कुठे एकदावर थांबला होता? त्याने पोरीच्या हत्यारांच्या पिशवीतली कटिंगची पक्कड काढली आणि सातवी तार फळीवरच्या घोडीपाशी तोडली. ताणलेलीच होती, तडाख्याने उसळली आणि त्याच्या मनगटावर ओरखडा उमटला. आवाज झाला तो कुठल्याच सुरात नव्हता.

खुंटी दोन पावलं मागे सरकली.

"तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली. "दोन महिने रोज ऐकलंत. आणि मला एकदाही नाही."

धाकट्याने पक्कड तिच्या पिशवीत परत ठेवली.

तिने जोडी सोडली नाही. खड्ड्यातही तीच उतरते. पण त्या दिवसापासून कामापुरतं बोलते, आणि डबा वेगळा बसून खाते. खालून "सोडा काका" अशी हाक आली तरी धाकटा आता दांडा दाबत नाही. चाकाजवळच्या फटीला तोंड लावून विचारतो, "कोण?" ती पुन्हा म्हणते, "सोडा काका." तो पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारलं की ती भडकते. "कोण म्हणजे काय? मी! बाहेर आलेय, दारात उभी आहे, किती वेळा सांगू? सोडा म्हणते ना!" तो राग सात मजले चढून वर येतो, आणि मगच धाकटा दांड्यावर जोर देतो. थोरला त्याच्यावर कधी रागावला नव्हता.